बटाटा

शुक्रवारच्या बाजारात, अल-रायच्या पत्र्याखाली,
कपडे धुवायच्या टबात एकमेकांवर पडलेली चित्रं:
पंखवाली, शिंगवाली, तलवार मोडलेली.
प्रत्येकाच्या पायाखाली बोटभर जाडीची चकती,
चकतीत म्हणे एक चिप,
आणि चिपमध्ये त्याचा सगळा जन्म.
अडीचशे फिल्सला एक. पाच घेतली तर दिनार.

मुनीबने एकच उचललं.
निळी कुर्ली, डोक्यावर शिरस्त्राण,
डावी नांगी मुळापासून गेलेली.
म्हटलं, अरे, मोडकी कशाला?
म्हणाला, अब्बा, खेळात ती मोडकी नसते.

फरवानियात, तिसऱ्या मजल्यावर, टीव्हीसमोर
त्याचा तो दिवा लागणारा गोल पाट.
पाट हा माझा शब्द, तो पोर्टल म्हणतो.
पण आल्या-गेल्याला जे बसायला देतात
त्याला बाणकोटात दुसरं काय म्हणणार?
कुर्ली पाटावर बसली.
उजेड निळा झाला, त्याच्या हातातला रिमोट थरथरला,
आणि पडद्यावर उभी राहिली दोन्ही नांग्यांची,
फेस काढत, डोळे फिरवत.
डोक्यावर तिचं नाव: बटाटा.

आम्ही हसत सुटलो.
आतून तस्नीमने विचारलं, किती किलो आणलात?
अरबीतही बटाट्याला बटाटाच म्हणतात,
हे मला शुवैखच्या गोदीवर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.
त्या दिवशी मी पहिल्यांदा
बोट न दाखवता जेवण मागितलं होतं.

खाली बारीक अक्षरांत:
मालक, लमीस. लेव्हल एकतीस.
नाणी नऊ हजार चारशे सहा.
शेवटचा खेळ, जूनची अठ्ठावीस तारीख.

जून मला ठाऊक आहे.
शाळा सुटते, जिन्यात सोफे उभे राहतात,
लिफ्टमध्ये चिठ्ठी लागते: फ्रिज वीस दिनार, चालू स्थितीत.
मग कुणीतरी एक टब भरतं.

यंत्राने विचारलं, नवा मालक?
आधीचं सगळं पुसायचं?
हो. नाही.

मुनीबचा अंगठा तसाच अधांतरी.
मी मागे उभा, अंघोळीचा टॉवेल खांद्यावर.
इकाम्याच्या कचेरीत खिडकीपलीकडचा मुलगा
माझी बताका अशाच एका चकतीवर ठेवतो,
आणि त्याच्या पडद्यावर मी उभा राहतो,
सतरा वर्षांपूर्वीचा, डोकंभर केसांचा.
त्याच्याही हाताशी असंच एक बटण असणार.
तो जांभई देतो तेव्हा मी त्याच्या बोटांकडे बघतो.

मुनीबने नाही दाबलं.
तिचीच राहू दे, म्हणाला. मी नुसता चालवतो.
तुम्ही नाही का, कंपनीची क्रेन.

तेव्हापासून रोज अर्धा तास, अभ्यास झाल्यावर.
बुरूज पडले, लाव्हा ओलांडला, चाळीसावी लेव्हल आली,
सगळं लमीसच्या खात्यावर जमा.
एका रात्री दिवा घालवल्यावर विचारलं,
अब्बा, तिला कळत असेल?
चिप कुठे फोन करत नाही, हे मी म्हणालो नाही.
म्हटलं, झोप आता. उद्या सहाला बस.

परवा एम-सील आणलं.
मळून, दाबून, काडीपेटीच्या काडीने दात कोरून
नवी नांगी केली. जरा जाडच झाली.
तस्नीमच्या निळ्या नेलपॉलिशचे दोन हात दिले,
रात्रभर एसीखाली वाळवली.

मुनीबने नीट निरखली, म्हणाला, ठेवा पाटावर.
ठेवली.
पडद्यावर ती होती तशीच,
दोन नांग्या, सारख्या मापाच्या.
यंत्राला तुटलेलंही कळलं नव्हतं,
जोडलेलंही नाही.

कपाटावर मात्र आता
ती जराशी डावीकडे कलते.
खाली मी
पंचवीस फिल्सचं नाणं सरकवून दिलंय.