तांबं

शिंगणापूरच्या बंधाऱ्याखाली सापडलेला खेकडा
आता ट्रेमध्ये.
पाठीचं कवच उचललं
तर फुटाण्याएवढं हृदय
चालूच.

"शिरा कुठायत?"
"नाहीतच," इंगवले मॅडम म्हणाल्या.
रक्त धमनीतून निघतं नि मोकळं सुटतं,
नांग्यांत, पायांत, पोटात हिंडून
कल्ल्यांत दम खातं,
मग हृदयाच्या भोकांतून घरी.

काचेवर थेंब.
लाल नव्हे; पाण्यागत,
आणि बघता बघता निळसर.
"त्यात तांबं असतं."

मागं ट्रे विसळणारे नागूमामा थबकले.
तांबट कमानीतलं घर त्यांचं,
बापाचा हातोडा आता दाराला टेकण.
थेंबावर वाकून म्हणाले,
"आमचं तांबं मोडीत गेलं.
ह्याच्यावर बघा,
अजून ठोके पडाय लागल्यात."

आणि नळ बंद केला त्यांनी.