चहातला च

आल्झबेताच्या सायकलला घंटी नाही.
फाटकाशी आली की ती घसा खाकरते
आणि तेवढ्या वेळात ठरवते, इथे कुठली भाषा.

तिच्या गावात नाताळ दोनदा येतो.
एकदा डिसेंबरच्या पंचवीसला,
एकदा जानेवारीच्या सातला.
मधल्या दिवसांत कुणाच्या घरची भांडी घासून झालेली,
कुणाचा अजून उपास चाललेला.
अशात चुकीच्या दारात चुकीची शुभेच्छा देणं
म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून निघणं.

म्हणून टपालाबरोबर तिने तोंडंही पाठ केलीत.
निळ्या फाटकाला "वेसेले व्हियानोत्से".
ते तिच्यासारखेच स्लोव्हाक.
हातावर पातळ पापडी ठेवतात, मध लावलेली,
वर लसणाची पाकळी. नाही म्हणायचं नसतं.
त्रायान लोहाराला "क्राचुन फेरिचीत".
तो कानामागे हात धरून पुन्हा म्हणायला लावतो.
ऐकू त्याला नीट येतं.
डॉक्टरीणबाई कुठल्या, ते कुणालाच विचारता आलेलं नाही.
त्यांना नुसतं, "थंडी फार."

शेवटचं घर तुतीच्या ओळीपलीकडे, रादिवोयचं.
त्याला सातलाच म्हणायचं, "ह्रिस्तोस से रोदी",
आणि तो गुडघे धरून उठणार,
"वाइस्तिनु से रोदी", खरंच जन्मला,
जणू आताच कुणीतरी बातमी घेऊन आलंय.
पण आज पंचवीस. आणि त्याची पेन्शन आलीय.
पेन्शनच्या पाकिटाला पंचांग कळत नाही.

पंचवीस एतेल्काची होती.
एतेल्का मार्चमध्ये गेली.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात
सासरच्यांनी पाठवलेल्या डब्यावरचं हंगेरियन
रादिवोयने मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं होतं:
"बोल्दोग काराचोन्यत."
आपल्या अक्षरांत लिहिलं तर यात चूक दिसणारच नाही.
चूक जिभेवर होती.
त्याने लावला चमच्यातला च,
हवा होता चहातला.
एतेल्का इतकी हसली की खसखशीचं सारण
अर्धं ओट्यावर, अर्धं मांजराच्या पाठीवर.
कमरेवर हात ठेवून तिने त्याला बरोबर म्हणून दाखवलं.

पुढची एक्केचाळीस वर्षं तो चुकत राहिला.
बरोबर म्हणायला तो दुसऱ्याच वर्षी शिकला होता.

आल्झबेताने नोटा मोजल्या. एकदा तिने, एकदा त्याने.
त्याने सही केली, पेन मात्र परत देईना.
चुलीवरचं पाणी उकळून आटत होतं.
मग खिडकीकडे बघत तो म्हणाला,
"बोल्दोग काराचोन्यत."
चमच्यातला.
आणि थांबला.

तिला हंगेरियन येतं,
शाळेत बाकावरच्या शेजारणीकडून उचललेलं.
तिच्या मनात आलं, जाऊ दे.
सणाचा दिवस, एकटा माणूस,
टपालवालीने काय चुका काढायच्या?
तिने पेनासाठी हात पुढे केला.
त्याने पेन घट्ट धरलं, शाळेतल्या पोरासारखं.

तेव्हा तिला कळलं. सगळं नाही, थोडं.
पिशवी खाली ठेवून, कमरेवर हात घेऊन,
जरा जास्तच रागावून ती म्हणाली,
"काराचोन्यत, रादिवोय! किती वर्षं सांगायचं?"
चहातला.

तो हसला नाही.
पेन परत दिलं. आत जाऊन
खसखशीच्या वळकटीचा एक काप आणला,
दुकानातली, कडेने सुकलेली.
तिने तो उभ्यानेच खाल्ला.
दाताखाली खसखस, दोघांच्या मध्ये काही नाही.

परतताना वारा समोरून होता.
ती तुतींपर्यंत पोचली असेल नसेल,
मागून फाटकातून आरोळी आली,
पुन्हा तीच, पुन्हा तशीच,
चमच्यातल्या च वर चांगला जोर देऊन.

आल्झबेताने मागे पाहिलं नाही.
एक हात हँडलवरून काढला,
बोट हवेत डावीउजवीकडे हलवलं.
सायकल झोकांडली,
पिशवीतली पत्रं एका बाजूला सरकली.