सातवी काच

आयवारने घराच्या सात खिडक्या उपटल्या,
प्लॅस्टिकच्या पांढऱ्याशुभ्र बसवल्या
आणि जुन्या कुंपणापाशी रचून ठेवल्या,
जूनमधल्या मोठ्या जाळासाठी.
मी म्हटलं, जाळतोस कशाला, मला दे.
म्हणाला, ने, पण हातगाडी तुझी.

हातगाडी माझीच. चाक कुरकुरतं, तेही माझंच.
साऱ्या बेटाला कळलं, हिल्या काहीतरी नेतेय.

पाइनचं लाकूड. वर्तुळं इतकी दाट
की नखाला शिरायला जागा नाही.
इतकं सावकाश वाढू देतं कोण आता झाडाला?
लांबी सुटलेली, रंगाचे पापुद्रे,
पण कोपरे अजून काटकोनात.
माझ्या गुडघ्यांबद्दल असं म्हणवत नाही.

जवसाचं तेल, खडूची पूड.
कणकेसारखी मळायची.
पहिल्या दिवशी हाताला चिकटते,
दुसऱ्या दिवशी ऐकते.
लांबीला माणसाची घाई कळते, एन्डेल म्हणायचा.
स्वतः कधी मळली नाही त्याने,
पायरीवर बसून म्हणायचा नुसता.

एप्रिलमध्ये माती सुटली, तसा खड्डा खणला.
तळाला घोड्याची लीद, ताजी, वाफाळती.
तिच्यावर आद्रू, समुद्राने वादळात लोटलेलं शेवाळ,
हिवाळाभर पावसाबर्फात धुऊन अळणी झालेलं.
वर गेल्या वर्षीचं कंपोस्ट, टरफलांसकट.
बोट खुपसून पाहिलं:
आत उन्हाळा येऊन बसला होता,
आम्हा कुणाला न सांगता.

चौकटीला फळ्या सौनाच्या बाकाच्या.
पस्तीस वर्षं आम्ही दोघं त्यावर उघडे बसलो,
आता काकड्या बसतील.
बिजागऱ्या बुटाच्या कातड्याच्या.
विकत आणले ते फक्त खिळे,
आणि तेही आयवारकडून उसने, म्हणजे
विकत काहीच नाही.

सहा खिडक्या धड होत्या.
सातवीची काच मीच फोडली,
हातगाडी दगडावरून गेली तेव्हा.
दुकानदार म्हणाला, दोन आठवडे.

आणि टोमिंगास फुलला.
पांढरा, कडवट वासाचा, कुंपणभर.
तो फुलला की थंडी मागे फिरते,
विसरलेली छत्री न्यायला कुणी परत यावं तशी.
रेडिओवर बाई म्हणाली, रात्री उणे तीन.
बोलताना ती हसत होती. तिच्याकडे काकड्या नसाव्यात.

भिंतीवर एन्डेल होता.
मी उभी राहिले. मग पक्कड आणली.
मागचे चार खिळे वाकवले,
फोटो टेबलावर ठेवला, उताणा,
काच काखेत घेऊन बाहेर गेले.
दोन बोटं कमी पडली.
फटीत लोकरीचा मोजा कोंबला.

आयवारची लीसबेत, सात वर्षांची,
कंदील धरून उभी होती. दहा वाजले तरी उजेड होता,
पण कंदील तिला धरायचाच होता.
म्हणाली, आता त्याला थंडी नाही वाजणार?
मी म्हटलं, तो आत आहे. काकड्या बाहेर.
तिला पटलं. मला जरा वेळ लागला.

सकाळी सातही काचांवर बर्फाची नक्षी.
मोज्याच्या बाजूची दोन रोपं करपली,
बाकीच्यांनी दोन-दोन पानं उघडून
इकडे-तिकडे पाहिलं.

दुकानातली काच गुरुवारी आली, अगदी मापाची.
अजून दाराआड उभी आहे, कागदात.

अकरा वर्षं मी काच पुसत होते.
आता कोरडं फडकं थेट त्याच्या तोंडावरून फिरतं.
धूळ नाकाखाली जास्त बसते, हे नव्याने कळलं.
आणि कॉलरवर माझ्या अंगठ्याचा डाग आहे,
लांबीचा, तेलकट.
पुसायला गेले तर पसरेल.
पायरीवर बसून त्याने काहीतरी म्हटलंच असतं यावर.

गाजरं विरळ करायची राहिलीत.
मोजाही एकच उरलाय.