जड पाणी

वुर्त्सबुर्गचं पाणी जड आहे.
द्राक्षमळ्यांखालच्या चुनखडकातून झिरपतं
आणि निघताना खडकाचा चिमूटभर खिशात घालतं.
चाळीस वर्षं मी इथे लोकांचे कपडे शिवले.
किटलीच्या तळाला कवच, नळाच्या तोंडाला दाढी,
इस्त्रीच्या भोकांतून पांढरा भुगा,
तोही नेमका काळ्या कोटावर.
दर शनिवारी व्हिनेगर.
आमचं वैर जुनं आहे.

वरच्या मजल्यावरचा गेर्नोट, रेल्वेचा निवृत्त सिग्नलवाला,
गुडघा बदलून चार आठवडे आरोग्यधामात गेला
आणि माशांची काचपेटी माझ्यावर सोपवून गेला.
बेकरीच्या पावत्यांमागे सूचना, काचेला डकवलेल्या:
वायू नऊला, दिवे दहाला.
मासे उपाशी असल्याचं सांगतील. खोटं बोलतात.
रविवारी दोन बादल्या पाणी बदल.
एक नळाची, एक पिंपातल्या पावसाची.
थेंब मोज. सात हवेत, सहा चालतील.
सामूच्या मागे धावू नकोस.
सात सांभाळलेस की तो घरीच बसतो.

मोजले. नळीतलं पाणी निळं, निळं, निळं,
सातव्या थेंबाला एकदम पिवळं.

पण दुसऱ्या रविवारी मनात आलं,
एवढाल्या सुईसारख्या माशांना, या कोवळ्या पात्यांना
माझ्या इस्त्रीचा शत्रू कशाला पाजायचा?
दोन्ही बादल्या पावसाच्या.
बुधवारी आणखी एक, लाडानं.
रविवारी पुन्हा दोन.
काच आरशासारखी झाली. मी खूश.
थेंब मोजायचे राहिले.

मंगळवारी सकाळी सगळे मासे वर,
तोंडं पाण्याच्या कातडीला लावून.
कोळंब्या गाळणीच्या नळीवर चढलेल्या.
गोगलगाय दार लावून तळाशी.
हात थरथरत होता. पहिला थेंब टाकला.
पिवळं.

तेव्हा कळलं ते असं:
वायू विरघळतो, पानं कुजतात, मासे श्वास सोडतात,
रोज काही ना काही आंबट होतंच पेटीत,
आणि रोज तो चिमूटभर खडक मध्ये पडून
मार स्वतःवर घेतो, झिजतो, संपतो.
पावसाकडे मध्ये घालायला काहीच नव्हतं.
इतकं स्वच्छ होतं बिचारं.

वायू बंद केला. नळाची बादली कपाटावर चढवली,
बारीक नळीला गाठ मारली, सेकंदाला एक थेंब.
एकदम ओतणं हाही धक्काच, हे शिवणकामातून ठाऊक होतं:
आटलेलं कापड ओढून लांब करत नाहीत.
रात्रभर खुर्चीत बसून एका पडद्याला टाके घातले.
पहाटे तीन.
शुक्रवारी पाच.
दोन कोळंब्या मात्र गेल्या.
त्यांना खिडकीतल्या पार्स्लीच्या कुंडीत पुरलं.

गेर्नोट काठी टेकत आला, कोट न काढता
आधी परीक्षानळी भरली.
सात.
मग बराच वेळ गोगलगायीकडे बघत राहिला.
तिच्या शंखाचं जुनं वेटोळं
चुन्यासारखं पांढरं पडलं होतं, कडा खाल्लेल्या.
"पाऊस बराच झाला वाटतं," तो म्हणाला.
"झाला," मी म्हटलं, "मग थांबला."

चहा ठेवला. किटलीत कवच खुडखुडलं.
शनिवार होता.
व्हिनेगरची बाटली समोरच होती फळीवर,
मी उठले नाही.