कलम सात

गाबोरोनेहून पांढरी गाडी आली. तिच्यातून उतरली
तीन माणसं, एक जनरेटर
आणि बावन्न पानांचा मसुदा.
मी दुभाषी. रोजाचे पैसे, वर एक जेवण.

खोत्लात ओंडक्यांचं अर्धवर्तुळ.
म्हाताऱ्यांनी खुर्च्या घरून आणलेल्या,
बायका चटयांवर, पाय लांब करून.
कुणीतरी विचारलं, लस टोचणार का?
नाही, म्हटलं, नावांविषयी आहे.
निघालेला तो परत बसला.

‘डोमेन’ला आमच्याकडे शब्द नाही.
रात्रभर धुंडाळला. शेवटी म्हणाले: मोराका,
गावापासून दूरचं गुरांचं ठाणं,
जिथलं जनावर तुम्ही तिथे नसतानाही तुमचंच असतं.
नोंदणी म्हणजे डाग,
डाव्या फऱ्यावर, तापल्या लोखंडाचा.
माना हलल्या.
साहेब कानाशी पुटपुटले, एका शब्दाला इतका वेळ?

फी सांगितली: वर्षाला इतके पुला.
पुला म्हणजे पैसा. पुला म्हणजे पाऊसही.
“आणि एखाद्या वर्षी चुकला तर?” रा-गाओलाथेने विचारलं,
कुठला पुला ते सांगितलं नाही.
तीस दिवस थांबतात. मग नाव मोकळं.
“मोकळं म्हणजे?”
जो आधी पोचेल त्याचं.
“चुकार बैलाचीसुद्धा
आम्ही याहून जास्त वाट बघतो,” तो म्हणाला,
आणि हशा पिकला. हशाचं भाषांतर करावं लागलं नाही.

मग मा-सेइतेबालेंग उठली. आधी गुडघा, मग काठी, मग ती.
तिच्या सासूचं नाव तिने लेकीला दिलं होतं,
लेक गेल्यावर नातीला.
नाव मधे सहा वर्षं रिकामं होतं, म्हणाली,
दारात पाणी भरून ठेवल्यासारखं.
त्या सहा वर्षांत कुणी येऊन ते उचलून नेलं असतं,
तर मी कुणाकडे गेले असते?
ती बोलतच राहिली. शेळ्या आल्या, शेळ्या गेल्या.
कुणी तिला बस म्हटलं नाही.
खोत्लात बोललेला शब्द देखणाच, अशी आमची म्हण.

कलम सात मी आधी वाचलं होतं.
गावांची नावं राखीव. आधी कुणी घेतली असल्यास
परत करावीत, भरपाईशिवाय.
कुंपणाला टेकून केओआगिले उभा होता.
चार वर्षांपूर्वी एक बोकड विकून
त्यानेच माबेलेंग घेतलं होतं, टिंब बीडब्ल्यूसकट.
रोज लिहितो तिथे: कुणाची गाय कुठे दिसली,
कुठल्या बोअरला पाणी खारट लागतंय,
कुणाचं दफन शनिवारी, किती वाजता.

मी थांबले. साहेबांनी घड्याळ पाहिलं.
शब्द सोपे होते, सगळेच्या सगळे आमच्याकडे होते.
सांगितलं.

कुणी त्याच्याकडे वळून बघितलं नाही,
त्यावरून कळलं, सगळ्यांना ठाऊक आहे.
खोसी बराच वेळ वहाणेचा पट्टा चाचपत राहिले.
“माझा काळा बैल त्या पोराच्या पानावरून सापडला.
तेव्हा मी विचारलं नव्हतं
गाव कुणाच्या नावावर आहे.”
एवढंच. होय की नाही, ते मलाही कळलं नाही.

रात्री विश्रामगृहात फॉर्म भरला.
‘सहभागींचे अभिप्राय’, दोनशे अक्षरांत.
मा-सेइतेबालेंग: चाळीस मिनिटं.
लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
पाण्याचं भांडं बसलं नाही, सासू बसली नाही,
शेळ्या तर नाहीच.
शेवटी उरलं: ‘एका महिलेने मुदतीबाबत चिंता व्यक्त केली.’
बैलाच्या रकान्यात: ‘संदिग्ध.’

सभा संपताना सगळे उठून एका आवाजात ओरडले होते, पुला!
तेव्हा साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं.
मला वाटतं, फीला मान्यता.