माप

मुहर्रकच्या दुकानात अबायाचा गळा बेतताना
आरशात दिसली: माझ्याच गळ्यात, सुपारीएवढी.
गिळलं की वर, मग पुन्हा जागेवर.

डॉक्टर मरियमनं सुई घालून पेशी पाहिल्या.
धड हो नाही, धड नाही नाही.
"रक्त बघू. कापायच्या आधी."

लॅबमधला सातपुते देवरुखचा निघाला.
तीन नळ्या भरून कापूस दाबत म्हणाला,
"अँटिबॉडी, ताई. अंग आपल्याच ग्रंथीवर
खार खाऊन आहे का, ते कळतं."
अठरा वर्षं इथं काढली, म्हटलं,
मीही आहे बऱ्याच जणांवर.
तो हसला नाही.

आकडा आला चारशे बारा.
चाळीसच्या आत हवा होता.
"म्हणजे कॅन्सर?"
"म्हणजे शंका," मरियम म्हणाली, "जरा जाड झालेली.
खरं काय ते उघडल्यावरच."

रात्री ईदच्या ऑर्डरी उरकल्या.
खडूची रेघ चुकली तर झटकता येते,
पोरींना मी हेच शिकवते;
कात्रीचं तसं नाही.

शटर ओढलं. टेप स्वतःच्या गळ्याभोवती धरली.
साडेतेरा.
वहीत लिहिलं, गिऱ्हाईक: रुकय्या मुकादम.
कॉलर उंच.