साठा

गोदामाला पाटी नाही.
नकाशावर तिथं मासळीचं शीतगृह दाखवलंय,
ते बंद पडूनही वीस वर्षं झाली.
कुरामोची तेइझो रोज सकाळी सव्वासातला
पांढरे हातमोजे चढवतो
आणि देशाचे दिवस मोजायला लागतो.

दिवसच. किलो नव्हेत.
निळ्या पिंपांत कोबाल्ट, साठ दिवस.
करड्या पिंपांत टंगस्टन, साठ दिवस.
कोपऱ्यातल्या ठेंगण्या डब्यांत जे आहे
त्याचं नाव घेताना त्याची कवळी सैल होते,
पण तेही साठ दिवस.
उद्या दूर कुठे कुणी एका कागदावर सही केली नाही
की इथून उलटी मोजणी सुरू.
तोवर फक्त धूळ झटकायची,
भूकंपाचे पट्टे आवळायचे,
आणि भिंतीवर, डोक्याच्या दोन हात वर,
समुद्र जिथवर आला होता ती रेघ
पुसू द्यायची नाही.

घरी फुसाएची बेगमी वेगळी.
दाराशी लाल पिशवी: पाणी, बिस्किटं,
रेडिओ, त्याचे सेल, चष्म्याची जुनी जोडी.
तीन दिवसांची.
"सरकारला साठ लागतात," ती म्हणते,
"सरकार खातं जास्त."

मार्चअखेर टोकियोहून नागुमोबाई आल्या,
तिशीच्या आतल्या,
हेल्मेट कानांवर घसरत होतं.
काही धातूंचं साठाचं एकशेऐंशी करायचं चाललंय म्हणाल्या,
धोरण बदलतंय.
तेइझोने चहा ओतला. विचारलं,
एकसष्टाव्या दिवशी काय करायचं?
बाईंनी कप दोन्ही हातांनी धरला.
"साठ दिवसांत कुणाशी तरी बोलून होतं,"
त्या म्हणाल्या. "म्हणजे, व्हायला हवं."

तेव्हा त्याला कळलं पिंपांत काय आहे.
बोलणं होईपर्यंतचा वेळ,
वाळवून, झाकण लावून.

जाताना बाई टेकडीकडे बघत होत्या.
तिथं पुन्हा शोध घ्यायचा, असंही कागदात आहे.
टेकडीत त्याच्या बापाची खाण.
परदेशी माल स्वस्त पडला त्या साली बंद झाली.
खाण बंद झाली, तिचं पाणी झालं नाही.
अजून झिरपतं, गंजाच्या रंगाचं,
अजून दोन माणसं पाळीपाळीनं त्यात चुना कालवतात,
मग नदीत सोडतात.
हे दिवस कुणाच्या हिशेबात धरायचे
ते बापालाही कुणी सांगितलं नव्हतं.
त्याची छाती खाणीच्या आधीच भरत आली होती.
तोही साठाच, म्हणा.

परवा नवा माल उतरला.
चोवीस पिंपं, सील शाबूत, वजन बरोबर.
एका पॅलेटवर तांबडी माती वाळलेली,
आणि फळीच्या खालच्या अंगाला
खिळ्याने ओढलेल्या रेघा.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
तेइझोची पाचाची खूण वेगळी,
पाच फटकाऱ्यांचं एक अक्षर,
पण मोजणारा मोजणाऱ्याला ओळखतो.
सत्तेचाळीस.
शेवटी दोन उभ्या, पुढे नुसती फळी.

दिवस? पोती? मजुरीची थकलेली बाकी?
तक्त्यात त्याला रकाना नव्हता.
माती मात्र नियमाप्रमाणे खरवडून,
पाकिटात घालून नोंदवावी लागते.
एकतीस ग्रॅम.
फळी जाळायची असते.

ती त्याने अजून जाळलेली नाही.
मांडणीमागे उभी केलीय,
रेघा भिंतीकडे करून.

रात्री फुसाएने विचारलं, उशीर का झाला.
"मोजत होतो."
"जुळलं?"
त्याने लाल पिशवीतून रेडिओ काढला,
जुने सेल काढून नवे घातले,
कानाशी धरून लावून बघितला.
लागला.
उद्या हवा कोरडी राहील, कुणीतरी सांगत होतं.